बंपर राईडला होडीचा वेग किती ठेवावा? (देवबाग, मालवण)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझ्या मामेभावाने मागच्या मोसमात देवबागला बंपर आणि बनाना (होडीमागे दोरीने ओढायचे हवा भरलेले रबरी तराफे) सुरू केलं. फायबरची होडी, मागे लावलेलं ४० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन. वेगाचा काटा नाही. सुट्टीत मी मागे तोंड करून बसतो, राईडवर बसलेल्यांकडे बघायला. दादाला वेग विचारला की म्हणतो, "आवाजावरनच कळता माका."

परवा बंपरवर नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे बाबा होडीत शूटिंग करत "अजून पळवा" म्हणत होते. सरळ जाताना ती हसत होती. वळण घेतलं आणि बंपर बाहेर फेकला गेला, ती पाण्यावर आपटली. जॅकेट होतं म्हणून निभावलं, पण वर घेतली तर बोटांवर पट्ट्याचे लाल वळ. त्या वेळी माझ्या मोबाईलवर वेग २९ किमी होता, खाडीतून समुद्राकडे जाताना.

नेटवर कुठे २० लिहिलंय, कुठे १५. मैल की नॉट (ताशी सागरी मैल) तेच कळत नाही. २० मैल म्हणजे ३२ किमी आणि २० नॉट म्हणजे ३७! लहान मुलांना नक्की किती? आणि सुकती (ओहोटी) लागली की मोबाईलचा आकडा खरा धरायचा का?

---

उत्तर: लहान मुलं असतील तर १३ ते २० किमी, त्यापुढे नाही. धडधाकट मोठ्यांना २५ ते ३०. (बापांचं ऐकून वेग वाढवू नका, ते होडीत बसलेले असतात.)

तुमचा घोटाळा वळणावर झाला. होडी आत वळते, दोरीच्या टोकाचा बंपर मोठ्या वर्तुळात फिरतो. तेवढ्याच वेळात जास्त अंतर, म्हणजे त्याचा वेग होडीपेक्षा जास्त. वळायच्या आधी थ्रॉटल (वेगाचा दांडा) कमी करा, वळताना नव्हे. आणि मुलांना हाताच्या खुणा आधी शिकवा: अंगठा खाली म्हणजे हळू, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा.

मोबाईल जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो, त्यात प्रवाहही मिसळलेला असतो. आपटणारा माणूस पाण्यावर आपटतो. तेव्हा थ्रॉटल न हलवता एकदा प्रवाहाविरुद्ध आणि एकदा प्रवाहाबरोबर जा, दोन्हींची सरासरी काढा.

---

धागाकर्ता: आज सकाळी मोजलं. वर जाताना २३, खाली येताना २९. दादा म्हणाला, "आवाज तोच मां?" तोच होता. म्हणजे पाण्यातला वेग २६, प्रवाह ३. कान खरा निघाला त्याचा, पण नऊ वर्षांच्या पोरीला २६ जास्तच. मग १८ ची जागा शोधली आणि थ्रॉटलवर वहिनीच्या लाल नेलपॉलिशने खूण केली. वहिनी अजून बाटली शोधतेय.