एकच डिश, एकच वाहिनी, तरी दोन टीव्हींमध्ये दीड सेकंदाचा फरक – मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या घरी एकाच डिशवरून दोन सेट-टॉप बॉक्सना सिग्नल मिळतो. एक बॉक्स बैठकीच्या खोलीतील मोठ्या टीव्हीला आणि दुसरा आतल्या खोलीतील जुन्या, लहान टीव्हीला जोडलेला आहे. दोन्हींवर एकच सामना लावला, तर आतून जल्लोष ऐकू येतो तेव्हा बाहेरच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. त्यामुळे बाहेर बसणाऱ्यांना प्रत्येक बळी आधीच कळतो.

पहिला संशय केबलच्या लांबीवर होता, पण केबलमधून सिग्नल सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे २० मीटर जादा केबलमुळे पडणारा फरक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकाच असतो. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्यामुळे सिग्नलला वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. मात्र तो उशीर दोन्ही संचांना सारखाच आहे.

मग लहान टीव्ही बाहेर आणून दोन्ही पडद्यांचे मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने चित्रण केले आणि फ्रेम मोजल्या. फरक सुमारे ९० फ्रेमचा निघाला. मोठ्या टीव्हीवर एचडी आणि लहानावर साधी वाहिनी होती. या दोन्ही आवृत्त्या प्रक्षेपणापूर्वी वेगवेगळ्या एन्कोडरमधून (चित्राची माहिती कमी जागेत बसवणाऱ्या यंत्रांतून) जातात, आणि चित्र आक्रसण्यासाठी मागच्या-पुढच्या फ्रेमची तुलना करावी लागत असल्याने एन्कोडर काही फ्रेम रोखून धरतो. दोन्हीकडे साधी वाहिनी लावताच फरक ५६ फ्रेमवर आला. मोठ्या टीव्हीवर गेम मोड सुरू केल्यावर, म्हणजे चित्र गुळगुळीत करणारी त्याची प्रक्रिया बंद झाल्यावर, आणखी जेमतेम ६ फ्रेम वाचल्या. (अ‍ॅनालॉगच्या काळात चित्राची ओळ येईल तशी पडद्यावर उमटत असे, त्यामुळे ही मोजदाद करण्याची वेळच येत नसे.)

उरलेल्या ५० फ्रेमचे कारण मला हवे आहे. बॉक्सची अदलाबदल केली तेव्हा हा उशीर मोठ्या टीव्हीकडून लहान टीव्हीकडे गेला, म्हणजे दोष बॉक्सकडेच आहे. हा बॉक्स रेकॉर्डिंगचा असून थेट कार्यक्रम मध्येच थांबवता यावा म्हणून तो चित्र सतत हार्ड डिस्कवर साठवत असतो. तो थेट चित्रसुद्धा डिस्कवर लिहून, पुन्हा वाचून मगच दाखवत असेल का? तसे असल्यास ही साठवण बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये कोणत्या नावाने सापडते, आणि डिस्क काढून ठेवल्यास बॉक्स नेहमीसारखा चालतो का?

दोन्हीकडे इंटरनेटवरील अ‍ॅप वापरण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तिथे चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि प्रत्येक संच आपापल्या सोयीने ते साठवतो, म्हणून फरक वाढण्याचीच शक्यता जास्त. एकाच बॉक्सचे चित्र एचडीएमआय स्प्लिटरने दोन्ही टीव्हींना देता येईल. परंतु मग दोन खोल्यांत दोन वेगळ्या वाहिन्या पाहता येणार नाहीत, आणि तेवढ्यासाठीच तर दुसरा बॉक्स घेतला होता.