मदत हवी आहे: 'द ईव्हिल विदिन २' तिसऱ्या अध्यायात अडकलोय, पुढे खेळू की सोडून देऊ?

काळीपट्टी:
मंडळी, पहिला 'द ईव्हिल विदिन' (२०१४) हा भीतीचा व्हिडिओ गेम मला मनापासून आवडला होता. स्क्रीनवर वर-खाली काळ्या पट्ट्या, अरुंद बोळ, प्रेतं जाळायला खिशात मोजक्या काड्या. जीव गुदमरायचा आणि तीच मजा होती. आता सेलमध्ये दुसरा भाग स्वस्त मिळाला म्हणून घेतला आणि थेट नाइटमेअर या अवघड पातळीवर सुरू केला. सुरुवात झकास आहे. तो स्टेफानो नावाचा फोटोग्राफर माणसाच्या मरणाचा क्षण गोठवून तोच पुन्हा पुन्हा चालू ठेवतो, ते बघून अंगावर काटा आला.

पण तिसऱ्या अध्यायात युनियन गावात मोकळं सोडलं आणि सगळं बिनसलं. गोळ्या संपल्यात, इंजेक्शन नाही, रस्त्यावर पाच-सहा जण टोळीनं फिरतायत. शिवाय भीतीही वाटेनाशी झालीय. भीती कमी आणि किराणा जमवणं जास्त, असं चाललंय. माझं खेळणं चुकतंय की गेमच असा आहे? पुढचा अर्धा भाग सुरुवातीच्या तोडीचा असेल तर चिकाटी धरतो. कृपया शेवट फोडू नका.

वर्कबेंचवाली:
आधी गोळ्यांचं बघू. गनपावडर आणि सुटे भाग हाताशी असले तरी रस्त्यात उभ्या उभ्या गोळ्या बनवू नका. तिथे तीच गोळी जास्त मालात पडते. ओ'नील या पात्राच्या सेफ हाउसमधल्या (सुरक्षित घरातल्या) वर्कबेंचवर, म्हणजे वस्तू बनवायच्या टेबलावर, बनवा. तिथेच कॉफीचं मशिन आहे, एक कप प्यायलात की तब्येत पूर्ण भरते. मशिन पुन्हा भरायला वेळ लागतो, तेवढ्यात एक फेरी मारून यायचं. इंजेक्शनं वाचतात.

टोळीशी लढायचंच नाही. झुडपात बसायचं, बाटली फेकायची, एकटा वळला की मागून सुरी. नायकाची कौशल्यं वाढवणारं हिरवं जेल आधी स्टेल्थला, म्हणजे लपतछपत वावरण्याला, घाला, नेमबाजीचं नंतर. क्रॉसबो मिळाला नसेल तर कम्युनिकेटर या यंत्रावर येणारे सिग्नल पकडत जा, याच अध्यायात आहे. विजेचा बाण साचलेल्या पाण्यात मारलात तर त्यात उभे असलेले सगळे एकदम थरथरतात.

निशाचर_पुणे:
उत्तरं वर आलीच आहेत, मी गेमबद्दल बोलतो. पहिला भाग शिंजी मिकामीनं स्वतः दिग्दर्शित केला होता. दुसऱ्याला दिग्दर्शक जॉन जोहानस, मिकामी देखरेखीला. फरक तिथूनच सुरू होतो. पहिल्यात गोष्टीचा काही पत्ता लागत नव्हता, पण प्रत्येक खोली छळायची. दुसऱ्यात नायक सेबॅस्टियनला साधं, समजेल असं कारण आहे: आगीत गेली असं वाटलेली मुलगी जिवंत आहे. बापाचं ते दुःख पटतं. नेम, पळणं, लपणं सगळं पहिल्यापेक्षा सुबक झालंय. पण हात इतका सरावतो की राक्षसाची भीती राहत नाही, हिशोब राहतो. तुम्ही किराणा म्हणालात ते बरोबर आहे.

तरीही मोकळं गाव ही या भागाची चूक मानायला मी तयार नाही. तुम्ही घरांत शिरलात का? याच अध्यायात एका साध्या दिसणाऱ्या घरात अॅनिमा नावाची बाई भेटते. तिला मारता येत नाही, फक्त लपायचं. ती गुणगुणते ती संगीतकार दबुसीची 'क्लेअर द ल्यून'. पहिल्या भागात ही धून ऐकू आली की आपण सुटकेचा श्वास टाकायचो, कारण ती सेव्ह करायच्या जागेची खूण होती. तीच आता भुताच्या तोंडी! गंमत म्हणजे त्या घरात गेलाच नाहीत तर हा प्रसंग चुकतो. गेमनं आपला सगळ्यात चांगला ऐवज असा वाटेच्या कडेला टाकलाय.

खरी तक्रार पुढची आहे. स्टेफानो फार लवकर, साधारण मध्यावरच संपतो (एवढं फोडल्याबद्दल माफी). त्याच्यानंतर येणारा फादर थिओडोर म्हणजे आग आणि प्रवचन. तो फोटोग्राफर जितका लक्षात राहतो तितका हा नाही. पुढे पहिल्या भागातले काही जुने राक्षसही हजेरी लावतात, ती मला भरतीच वाटली. शेवट मात्र भावनेच्या बाजूनं जमलाय.

भयपट_नको:
निशाचर, थिओडोरवर अन्याय होतोय. त्याच्या भागात गेम पुन्हा बोळात शिरतो, म्हणजे काळीपट्टींना हवं तेच. मला तर गावातच कंटाळा आला होता.

आणि काळीपट्टी, नाइटमेअरचा अट्टाहास कशाला? सर्व्हायव्हल या त्याहून सोप्या पातळीवर नव्यानं सुरू करा. गोळ्या जरा सुटसुटीत मिळतात. गेम संपवल्यावर क्लासिक मोड उघडतो, त्यात अपग्रेड नाहीत आणि सेव्ह मोजके. गुदमरायचंच असेल तर तिथे गुदमरा.

काळीपट्टी:
सगळ्यांचे आभार. नव्यानं सुरू करत नाही, आहे तिथूनच वर्कबेंचवालींच्या पद्धतीनं बघतो. ते घर अजून राहिलंय, आज रात्री जाणार. एक शंका: २०१८च्या अपडेटमध्ये फर्स्ट पर्सन (नायकाच्या डोळ्यांतून दिसणारं दृश्य) दिलंय ना, त्यानं भीती वाढते का?

वर्कबेंचवाली:
वाढते, पण लपताना कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही आणि तुमच्याकडे गोळ्या नाहीत. घरात शिरताना चालू करा, रस्त्यावर बंद.