सरल आवर्त गतींची बेरीज : भरती-ओहोटीवरून शिकवावी की नाही?

खाडीकाठ (रत्नागिरी) :
बारावीला एकाच रेषेतील, समान आवर्तकालाच्या दोन सरल आवर्त गतींची (मध्याभोवती ठरावीक लयीत मागे-पुढे होणाऱ्या हालचालींची) बेरीज शिकवली जाते. परिणामी आयामाचा (मध्यापासूनच्या कमाल अंतराचा) वर्ग म्हणजे दोन्ही आयामांच्या वर्गांची बेरीज, अधिक दोन्ही आयाम आणि कलांतराचे (एक गती दुसरीच्या किती अंश पुढे-मागे आहे त्याचे) कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट, एवढे सिद्ध केले की प्रकरण मिटते. किनाऱ्यावरच्या कनिष्ठ महाविद्यालयांत तरी हा भाग भरती-ओहोटीवरून शिकवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चंद्राच्या मुख्य भरतीचा आवर्तकाल 12.42 तास आणि सूर्याच्या भरतीचा 12 तास आहे. दोन्ही कोसाइनच्या रूपात लिहून मिळवल्या की उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि भांग (सर्वांत लहान भरती) दोन्ही हिशेबातूनच निघतात. कोसाइन एवढ्यासाठी, की वेळ ऐन भरतीपासून मोजली तर प्रारंभिक कला (आवर्तनातले सुरुवातीचे स्थान, अंशांत) शून्य धरता येते.

फळा-खडू (चिपळूण) :
मी सहमत नाही. सूत्राची पहिली अटच समान वारंवारतेची आहे आणि आपण उदाहरण नेमके ती अट मोडणारे देत आहात. 12.42 आणि 12 तासांच्या गतींची बेरीज ही सरल आवर्त गती नसतेच. अट विसरून सूत्र लावण्याची सवय मुलांना आधीच आहे. तिला खतपाणी कशाला घालावे?

खाडीकाठ :
अट विसरायची नाही, ती कुठवर ताणता येते ते पाहायचे आहे. चंद्राची भरती ताशी 28.98 अंशांनी पुढे सरकते आणि सूर्याची ताशी 30 अंशांनी. म्हणजे कलांतर दिवसाला सुमारे 24.4 अंशांनी बदलते, आणि एका भरतीच्या अवधीत ते जवळजवळ स्थिर मानता येते. तेव्हा सूत्र तेच ठेवून त्यातले कलांतर रोज थोडे पुढे सरकवावे. उदाहरणापुरते आयाम 5 आणि 2 धरले, तर कलांतर शून्य असताना परिणामी आयाम 7 येतो (उधाण), 180 अंश असताना 3 येतो (भांग), आणि एका उधाणापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे पावणेपंधरा दिवस जातात.

मला याहून मोलाची वाटते ती परिणामी कला, जिच्याकडे वर्गात कोणी फिरकत नाही. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पंचमीला पावणेचार. या हिशेबाने भरती रोज 45 मिनिटे उशिरा येते. वरील दोन आयाम घेऊन पाहिले तर उधाणाच्या सुमारास ती दिवसाला सुमारे 36 मिनिटेच मागे पडते आणि भांगाच्या सुमारास तब्बल 86 मिनिटे. सरासरी तेवढी 50 मिनिटांची. पाऊणपटीचा आडाखा भांगात का डळमळतो, याचे उत्तर याच बेरजेत आहे.

डोलकाठी (मालवण) :
गणित देखणे आहे, पण त्यावर विसंबून होडी लोटणार कोण? दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, कारण 23.93 आणि 25.82 तासांचे दैनिक घटकही त्यात असतात. प्रत्यक्ष उधाणही अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, म्हणजे कला शून्य धरण्याची आपली सोय तिथेच संपते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ केल्विन यांनी 1872 च्या सुमारास भरतीचे भाकीत करणारे यंत्र उभारले ते याचसाठी; प्रत्येक घटकाला एक फिरती कप्पी, आणि सगळ्यांवरून गेलेली एकच दोरी बेरीज करी. दोन कोसाइनवर थांबून ‘भरती समजली’ असे मुलांना वाटू देणे मला धोक्याचे वाटते.

खाडीकाठ :
त्या यंत्रातही बेरीज कोसाइनचीच होती. घटक वाढले म्हणून तत्त्व बदलत नाही.

फळा-खडू :
तत्त्वाबद्दल वाद नाही, वाद आहे तासिकांचा. कोसाइनच्या सूत्रांत गुरफटण्यापेक्षा प्रत्येक गतीसाठी आयामाएवढ्या लांबीचा एक, असे दोन फिरते बाण एकापुढे एक जोडून काढावेत, एक दुसऱ्यापेक्षा किंचित वेगाने फिरणारा. आपली 36 आणि 86 मिनिटे बाणाचे टोक पाहूनही कळतात. आणि हे सगळे मुख्य सिद्धता झाल्यावर, आलेखकागदावर, प्रात्यक्षिकाच्या तासाला व्हावे. सिद्धतेच्या आधी भरती आणण्यास माझा विरोध कायम आहे.