व्हर्जन बदललं की कंपाइल केलेली मॉड्यूल्स उडवा आणि नव्याने बांधा

अर्धविराम:
प्रोग्रॅम चालवणारं पर्ल, पायथॉन, नोड, पीएचपी, काहीही घ्या. नवं व्हर्जन चढवलं की पहिली ओरड सी भाषेत लिहून कंपाइल केलेल्या, म्हणजे मशीन कोडमध्ये उतरवलेल्या मॉड्यूल्सची (जोड-भागांची). पर्ल सांगतं, 'लोडेबल लायब्ररी अँड पर्ल बायनरीज आर मिसमॅच्ड', म्हणजे मॉड्यूल आणि पर्ल जुळत नाहीत. नोड सांगतं, मॉड्यूल ७२ साठी बांधलंय आणि मला ८३ लागतं. म्हणजे नोड १२ वर बांधलेलं नोड १४ खाली आलंय. पीएचपी तारखांसारखे दोन आकडे दाखवतं, २०१९०९०२ आणि २०२००९३०: पहिला ७.४ चा, दुसरा ८.० चा.

यावर सर्रास काय होतं? जुनी .एसओ फाइल (कंपाइल केलेलं मॉड्यूल) उचलून नव्या फोल्डरात टाकली जाते, नाहीतर तिच्याकडे नेणारी सिमलिंक मारली जाते. माझं ठाम मत आहे की हे बंद व्हायला हवं. मॉड्यूल्सच्या नावांची यादी काढा, कंपाइल केलेलं सगळं उडवा आणि यादीवरून परत बांधा.

कारण असं, की सी कोड कंपाइल होताना हेडरमधले (भाषेच्या आतली मांडणी सांगणाऱ्या फाइल्समधले) मॅक्रो, म्हणजे तयार कोड-तुकडे, आणि स्ट्रक्चरची मांडणी मॉड्यूलच्या आत कायमची बसते. या पॉइंटरपासून इतक्या बाइटवर अमुक फील्ड आहे, हे थेट मशीन कोडमध्ये उतरतं. नव्या व्हर्जनमध्ये मधेच एक फील्ड वाढलं, की जुनं मॉड्यूल भलत्याच जागी लिहायला लागतं. लोड होतानाच एरर आली तर उत्तमच. ती आली नाही आणि डेटा गुपचूप बिघडला, तर मूळ शोधता शोधता नाकी नऊ येतात.

तळटीप:
अजिबात पटलं नाही. परत बांधा म्हणणं सोपं आहे. प्रॉडक्शन सर्व्हरवर कंपाइलर नसतो, आणि तो नसावाच. हेडर नसतात, ज्या सी लायब्ररीवर मॉड्यूल उभं आहे तिची डेव्हलपमेंट पॅकेजेस नसतात. भाषा बदलणाऱ्यांनी मांडणी बदलायची आणि निस्तरायचं आपण, हा कुठला न्याय? लिनक्स कर्नल आतून कितीही बदलला तरी जुने प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा त्यांचा नियम आहे. पायथॉनमध्ये ३.२ पासून स्थिर एबीआय (कंपाइल झालेल्या मॉड्यूलसाठी न बदलणारी जोडणी) आहे. नोड-एपीआय ही नोडची तशीच सोय वापरून लिहिलेलं ॲडऑन (मॉड्यूल) नोडचं व्हर्जन बदललं तरी परत कंपाइल करावं लागत नाही. सोय असताना मॉड्यूल लिहिणारे ती वापरत नाहीत, खरा प्रश्न तो आहे.

अर्धविराम:
वापरत नाहीत कारण तिची किंमत वेगात मोजावी लागते. पायथॉनच्या लिस्टमधला घटक काढायचा तर नेहमीच्या एपीआयमध्ये (भाषेशी बोलायच्या फंक्शन्सच्या संचात) मॅक्रो आहे, तो सरळ मेमरीत हात घालतो. स्थिर एबीआयसाठीच्या मर्यादित एपीआयमध्ये तो नाही. दर वेळी फंक्शन कॉल आणि तपासणी. आकडेमोडीच्या लायब्ररीला हे कसं परवडेल? आकडेमोडीचं नमपाय आजही पायथॉनच्या प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळं व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) काढतं. शिवाय 'स्थिर' म्हणजे कायमचं नव्हे. ३.१३ मध्ये जीआयएलशिवायचा (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप नसलेला) प्रायोगिक बिल्ड आला, त्यावर एबीआय३ची, म्हणजे स्थिर एबीआयवर बांधलेली मॉड्यूल्स चालत नाहीत.

रिकामी_ओळ:
तुम्ही दोघे तत्त्वावर भांडताय, पण पर्लमधल्या अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ पाथमध्ये (मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) सापडतं. शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कधीतरी पर्ल५लिब हे त्या यादीत फोल्डर घालणारं व्हेरिएबल लिहून ठेवलेलं असतं. पर्ल नवं येतं, व्हेरिएबल जुन्याच फोल्डरकडे बोट दाखवत राहतं. लोकल लिबच्या (स्वतःपुरती मॉड्यूल्स बसवायच्या सोयीच्या) फोल्डरात आर्किटेक्चरचं नाव असतं, पर्लचं व्हर्जन नसतं, त्यामुळे दोन पर्ल एकाच .एसओवर येऊन आदळतात. म्हणून आधी 'पर्ल -व्ही' (व्ही कॅपिटल) चालवा. शेवटी ज्या फोल्डरांची यादी छापली जाते ती नीट वाचा. त्यात जुनी वाट दिसली तर ती काढा, मग कंपाइल करायचं ते करा. नाहीतर सगळं बांधून झाल्यावरही जुनंच लोड होईल आणि तुम्ही पर्लला दोष देत बसाल.

तळटीप:
हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. पायथॉन फाइलच्या नावातच 'सीपायथॉन-३११' असा टॅग लावतं, त्यामुळे ३.१२ त्या फाइलकडे बघतच नाही आणि मॉड्यूल सापडलं नाही असं स्वच्छ सांगतं. भाषेने ठरवलं तर घोळ टाळता येतो.

अर्धविराम:
आणि मग लोक त्या फाइलचं नाव बदलून टॅग ३१२ करतात! पर्लने ५.२२ पासून लोड होतानाच तपासणी ठेवली आहे. मॉड्यूल आपली किल्ली देतं, त्यात इंटरप्रिटर स्ट्रक्चरचा आकारही धरलेला असतो, आणि जुळली नाही की तिथेच थांबतं. नाव बदलून ती फसत नाही. मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते.

पुनश्च:
मूळ मुद्द्यावर माझी हरकत वेगळी आहे. परत बांधल्यावर ते बांधलं जाईल हे गृहीत का धरताय? पायथॉन ३.११ वर 'लाँगइंटरेपर.एच' सापडत नाही म्हणून किती पॅकेजेस अडकली ते आठवा. ते हेडर दुसऱ्या फोल्डरात हललं होतं. पॅकेजमध्ये जुन्या सायथॉनने (पायथॉनसारख्या .पीवायएक्स फाइलवरून सी कोड बनवणाऱ्या साधनाने) तयार केलेली .सी फाइल तशीच भरलेली, ती जुनी जागा शोधत होती. कितीही वेळा बांधा, तेच होणार. उपाय एकच, ती .सी फाइल काढून मूळ .पीवायएक्सवरून नव्या सायथॉनने परत तयार करायची. ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं साधन) गेलं, तेव्हा जुन्या सेटअप फाइल्स कंपाइलरपर्यंत पोचायच्या आतच पडल्या. ज्या मॉड्यूलचा लेखक गायब आहे त्याचं काय करायचं?

अर्धविराम:
चांगली हरकत. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. नवं व्हर्जन जुन्याच्या शेजारी वेगळ्या जागी बसवा, सिस्टिमच्या पर्ल-पायथॉनला हात लावू नका. यादीवरून तिथे सगळं बांधा, टेस्ट चालवा, मगच जुनं उडवा. तळटीप, कंपाइलरचा प्रश्नही इथेच सुटतो: त्याच प्रकारच्या आणि ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) त्याहून नवं नसलेल्या वेगळ्या मशीनवर बांधून व्हील सर्व्हरवर न्या. काय मोडतं ते दुपारी बिल्डमध्ये कळू दे, मध्यरात्री सेगफॉल्टमधून (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्रॅम पडल्यावर) नको. लेखक गायब असेल तर पॅच आपण लिहायचा किंवा त्या मॉड्यूलला रजा द्यायची.

तळटीप:
सोर्सच न देणारे विक्रेते असतात, तिथे पॅच कशावर लिहिणार?

अर्धविराम:
तिथे तेवढाच भाग जुन्या व्हर्जनवर स्वतंत्र प्रोसेसमध्ये ठेवा आणि सॉकेटवरून बोला. एका प्रोसेसमध्ये जुनी .एसओ कोंबण्यापेक्षा हे शंभर पटीने सुरक्षित.

तळटीप:
ती तात्पुरती सोय झाली. पायथॉनच्या एका व्हर्जनला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, त्यानंतर जुनी प्रोसेस उघडी पडते. माझं मत कायम आहे. नमपाय २.० चंच बघा. जून २०२४ मध्ये आलं, १.x वर बांधलेली मॉड्यूल्स त्यावर मोडली. पण २.० वर बांधलेलं मॉड्यूल १.x वरही चालेल अशी सोय त्यांनी ठेवली, म्हणून पॅकेजवाल्यांना एकदाच बांधून भागलं. बदल करायचाच तर अशी जबाबदारी घेऊन करावा.

रिकामी_ओळ:
नमपायबद्दल सहमत. ज्यांचं अजून मोडलेलं आहे त्यांनी तूर्त नमपाय २ च्या खालीच थांबवा आणि ट्रेसबॅकमध्ये (एररच्या मजकुरात) कोणत्या पॅकेजचं नाव येतंय ते बघा. तेवढं एक अपडेट केलं तरी बहुधा भागतं. मॉड्यूल्स परत बांधायला नोडवाल्यांना 'एनपीएम रिबिल्ड', पर्लवाल्यांना 'सीपॅन -आर'.