‘खाते काढा’ म्हणजे नक्की काय करा?

विचारणा

संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी मी मराठीत एक कार्यपुस्तिका लिहिते आहे. माणूस काम सोडून गेला की नेटवर्क डिरेक्टरीतला (सगळ्यांची खाती एकत्र ठेवणाऱ्या नोंदवहीतला) त्याचा प्रवेश कमांड लाइनवरून कसा थांबवायचा, हे तिच्यातलं एक प्रकरण. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘शेवटच्या दिवशी संबंधिताचे खाते काढावे.’ मला म्हणायचं होतं की खातं डिसेबल करावं, म्हणजे न पुसता थांबवावं. नव्या सहकाऱ्याने ते वाचून डीएसआरएम ही नोंद पुसणारी कमांड चालवली. कमांडने ‘नक्की ना?’ असं विचारलं, त्याने ‘हो’ म्हटलं, कारण पुस्तिकेत तसंच होतं. नोंद पुसली गेली.

चार दिवसांनी त्या व्यक्तीला मुदतवाढ मिळाली. त्याच नावाने नवं खातं उघडलं, तर जुन्या एकाही फाइलला हात लावता येईना. आमची डिरेक्टरी, मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी, परवानग्या नावाला देत नाही, त्या खात्याच्या सिड या सुरक्षा-क्रमांकाला देते. आणि तो क्रमांक पुन्हा कुणाच्या वाट्याला येत नाही. पुसलेली नोंद परत आणणाऱ्या रिसायकल बिनची सोय विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आहे, पण ती आधी चालू करावी लागते. ती केलेली नव्हती.

चूक सहकाऱ्याची नव्हती, माझ्या वाक्याची होती, आणि ते मला फार लागलं आहे. डिसेबल, डिलीट, रिव्होक, लॉक यांना असे मराठी शब्द हवेत की वाचणाऱ्याचा हात भलत्या कमांडकडे जाणार नाही. ‘अक्षम करा’, ‘हटवा’, ‘रद्द करा’ हे माहीत आहेत. त्यांनी समाधान होत नाही.

उत्तर

ताई, तुमच्या वाक्याचा आणखी एक अर्थ होतो, तो आधी पाहा. ‘बँकेत खातं काढलं’ म्हणजे उघडलं! शाळा काढणे, दुकान काढणे, कंपनी काढणे, सगळीकडे ‘काढणे’ म्हणजे सुरू करणे. मुळात ‘काढणे’ म्हणजे आतलं बाहेर आणणे, म्हणून ते दोन्ही दिशांना चालतं: नवं काही अस्तित्वात आणणं आणि असलेलं बाजूला करणं. ‘नव्या माणसाचे खाते काढा’ आणि ‘गेलेल्या माणसाचे खाते काढा’ ही दोन वाक्यं मराठी माणूस संदर्भाने ओळखतो. पण पुस्तिकेतलं वाक्य घाईत, मधूनच वाचलं जातं. तिथे एकटं ‘काढणे’ नकोच.

इलाज मात्र त्याच क्रियापदात आहे. मराठीत मुख्य क्रियापदाला दुसरं जोडलं की अर्थाची दिशा पक्की होते:

काढून टाकणे: गेलं ते गेलं. हे डिलीट. एलडॅपडिलीट, डीएसआरएम, रिमूव्ह-एडीयूझर या कमांड हेच करतात.

काढून घेणे: दिलेलं परत घेणे. हे रिव्होक. वस्तू त्याच्याकडून आपल्याकडे येते, माणूस मात्र जागेवर राहतो.

काढून ठेवणे: बाजूला जपून ठेवणे. याला साजेशी कमांडसुद्धा आहे. फ्रीआयपीए या लिनक्सवरच्या डिरेक्टरी-यंत्रणेत ‘आयपीए यूझर-डेल’ला ‘प्रिझर्व्ह’ हा पर्याय जोडला की नोंद पुसली जात नाही, वेगळ्या कप्प्यात हलवली जाते. कमांडच्या नावात ‘डेल’ आहे आणि काम ‘काढून ठेवण्याचं’ आहे. इथे मराठी शब्द मूळ कमांडपेक्षा खरं सांगतो.

आणि काढून देणे म्हणजे दुसऱ्यासाठी खातं उघडणे. तेही अजून बोलण्यात आहेच.

म्हणजे सूत्र असं: खातं काढून टाकतात, प्रवेश काढून घेतात. ‘प्रवेश काढून टाका’ आणि ‘खाते काढून घ्या’ अशी अदलाबदल मसुद्यात दिसली की तिथे थांबून विचारा, लिहिणाऱ्याला काय हवंय.

दुसरं उत्तर

वरचं पटलं. पण डिसेबल राहिलं, आणि रोजच्या कामात तेच सर्वांत जास्त लागतं.

‘अक्षम’ मला नकोसा वाटतो. अक्षम असतो तो माणूस किंवा कारभार, त्यात कमीपणा दाखवला जातो. ‘निष्क्रिय’ याहून फसवा आहे. जे खातं महिनोन्‌महिने कुणी वापरलं नाही तेही निष्क्रिय, आणि जे आपण मुद्दाम थांबवलं तेही निष्क्रिय. पहिलं वापरणाऱ्याचं वागणं, दुसरं आपलं कृत्य. ‘निष्क्रिय खाती शोधा’ म्हटलं तर कुणी शेवटच्या लॉगिनची तारीख तपासेल, कुणी यूझरअकाउंटकंट्रोल या खात्याच्या गुणधर्मात २ किमतीचा बिट (डिसेबलची खूण) शोधेल. (साधं चालू खातं ५१२, तेच डिसेबल केलं की ५१४.)

मी ‘बंद ठेवणे’ सुचवतो. ‘खातं बंद केलं’ म्हणजे कायमचं मिटवलं, असंच कुणीही समजेल. ‘बंद ठेवलं’ म्हणताच पुन्हा उघडण्याची शक्यता शिल्लक राहते. डिसेबल-एडीअकाउंट किंवा ‘आयपीए यूझर-डिसेबल’ नेमकं हेच करतात: नोंद, गट, क्रमांक जिथल्या तिथे, फक्त दार मिटलेलं.

तिसरं उत्तर

‘निलंबित’ का नको? लंब् म्हणजे लोंबणे. इंग्रजी सस्पेंडच्या मुळाशीही लटकवणंच आहे. खातं अधांतरी ठेवलं, हा अर्थ बरोबर बसतो.

दुसऱ्या उत्तराचा लेखक

व्युत्पत्तीने बसतो, पण माणूस निलंबित होतो तो ठपका येऊन, चौकशी लागून. निवृत्त होणाऱ्याच्या नावापुढे ‘खाते निलंबित’ असा शेरा पडला तर तो त्याला खुपेल, आणि खुपायलाच हवा. गैरवापराच्या संशयावरून थांबवलेल्या खात्यासाठी तो शब्द राखून ठेवू.

पहिल्या उत्तराची लेखिका

लॉकबद्दल. कुलूप लावलं आणि कुलूप पडलं, हा फरक जपा. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकला की खात्याला आपोआप कुलूप पडतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत अनलॉक-एडीअकाउंट ही कमांड आहे, पण तिची जोडीदार लॉक-एडीअकाउंट नाहीच. तिथे कुलूप फक्त पडतं. आपण ते काढू शकतो, लावू शकत नाही. ओपनएलडॅप या दुसऱ्या डिरेक्टरी-सर्व्हरच्या पासवर्ड धोरणात मात्र प्रशासक स्वतः कुलूप लावू शकतो: पीडब्ल्यूडी-अकाउंट-लॉक्ड-टाइम या गुणधर्मात ०००००१०१००००झेड ही किंमत भरली की प्रशासकाने उघडेपर्यंत ते निघत नाही.

आणि कुलूप कशाला लावलंय तेही सांगायला हवं. लिनक्सच्या स्थानिक खात्यावर ‘पासवर्ड -एल’ चालवलं की साठवलेल्या हॅशआधी (पासवर्डच्या सांकेतिक रूपाआधी) उद्गारचिन्ह येतं. कुलूप पासवर्डला लागतं, खात्याला नाही. एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) असलेला माणूस आत येऊ शकतो, आणि हे त्या कमांडच्या माहितीपानातच लिहिलेलं आहे. खातं खरोखर थांबवायचं तर त्याची मुदत संपवा, असंही तिथेच सांगितलं आहे. म्हणून ‘खात्याला कुलूप लावा’ हे तिथे चुकीचं वाक्य. ‘पासवर्डला कुलूप लावा आणि खात्याची मुदत संपवा’ हे बरोबर.

चौथं उत्तर

गटातून सदस्यत्व काढण्याला ‘नाव कमी करणे’ म्हणा. शाळेच्या पटावरून नाव कमी करतात, तसं. विद्यार्थी असतोच, त्या पटावर नसतो. रिमूव्ह-एडीग्रुपमेंबरचं काम तेवढंच.

हा शब्द वेगळा ठेवण्याला कारण आहे. ताईंच्या प्रसंगात नाव तेच असून प्रवेश परत आला नाही. ओपनएलडॅपमध्ये याच्या उलटही होऊ शकतं. तिथे गटात सदस्याचं पूर्ण नाव, म्हणजे डीएन, लिहिलेलं असतं. अशी नावं आपोआप काढणारा रेफइंट हा जोडघटक बसवलेला नसेल तर नोंद काढून टाकल्यावरही गटांतलं नाव तसंच राहतं. वर्षभराने त्याच लॉगिन-नावाचा नवा माणूस आला की त्याची नोंद त्याच डीएनवर उभी राहते आणि जुन्याचे अधिकार न मागता त्याच्या पदरात पडतात. खातं काढून टाकलं, नाव कमी केलं नाही! पुस्तिकेत ही दोन कामं दोन वाक्यांत लिहा, आणि नाव कमी करण्याचं वाक्य आधी.

‘रद्द’ मी प्रमाणपत्रांपुरता ठेवेन. अरबीत तो परत फिरवणे या अर्थाचा, मराठीत मात्र रद्द होतो तो कागदच: तिकीट, परवाना, प्रमाणपत्र.

पाचवं उत्तर

विषय निघालाच आहे तर ‘अनबाइंड’. एका भाषांतरात मी तो ‘बंधमुक्त करणे’ असा वाचला, आणि वाचणाऱ्याला वाटलं की याने प्रवेश काढून घेतला जातो. एलडॅप या डिरेक्टरीशी बोलण्याच्या नियमावलीत बाइंड म्हणजे ओळख पटवणे. अनबाइंड त्याच्या विरुद्धार्थी नाही. २००६च्या आरएफसी ४५११ या एलडॅपच्या मानक-दस्तऐवजातच खुलासा आहे की ही नावं ऐतिहासिक आहेत आणि अनबाइंडला ‘क्विट’ समजावं. मी ‘निरोप घेणे’ लिहितो. जोडणी संपते, अधिकारांना धक्का लागत नाही.

विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा मसुदा असा:

‘१. संबंधिताचे खाते बंद ठेवा. २. सर्व गटांतून त्याचे नाव कमी करा; आधी त्या गटांची यादी उतरवून घ्या. ३. प्रमाणपत्रे रद्द करा, एसएसएच किल्ल्या काढून घ्या. ४. ठरलेली मुदत संपल्यावरच, लेखी होकार घेऊन, खाते काढून टाका.’

पहिल्या वाक्यानंतर ‘आता प्रवेश थांबला’ असं लिहू का?

दुसऱ्या उत्तराचा लेखक

नका लिहू. खातं बंद ठेवलं तरी आधी मिळालेलं केर्बेरोस तिकीट (ओळख पटल्यावर मिळणारा तात्पुरता परवाना) खिशात असतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्याची नेहमीची मुदत १० तास. तेवढ्या वेळात, ज्या सेवेचं तिकीट आधीच हातात आहे ती चालू राहू शकते. ‘नवा प्रवेश थांबला, चालू सत्रे स्वतंत्रपणे तोडा’ असं लिहा.

पहिल्या उत्तराची लेखिका

किल्ल्यांसाठी ‘काढून घ्या’ नको. खाजगी किल्ली त्याच्याकडेच राहते, आपण आपल्याकडची सार्वजनिक किल्ली पुसतो. ‘काढून टाका’ करा.

आणि फ्रीआयपीए वापरणाऱ्यांसाठी चौथ्याआधी एक ओळ घाला: ‘परतण्याची शक्यता असल्यास खाते काढून ठेवा.’ खाली टीप द्या की ‘आयपीए यूझर-अनडेल’ने ते परत आणता येतं, पण जुना पासवर्ड परत येत नाही, नवा द्यावा लागतो.