वर्षाचं धान्य भरणं: तुम्ही काय भरता, किती भरता, आणि खरंच परवडतं का?

पोळपाट
मार्च संपत आला की आमच्या सोसायटीच्या गेटावर गव्हाचे टेम्पो लागतात. लोकवन, सिहोर, शरबती, घरपोच, साफ करून. सासूबाई आयुष्यभर वर्षाचं भरत आल्या, पण तेव्हा घरात आठ माणसं होती. आता आम्ही तिघं, घर पुण्यातलं वन बीएचके, आणि पगारातून एकदम पंधरा-वीस हजार बाजूला काढायचे म्हणजे त्या महिन्याचे बाकीचे हप्ते तोंडाकडे बघत बसतात. म्हणून हा धागा. ऐकीव टिपा नकोत, स्वतःच्या घरात जे चालतं तेच लिहा. कुठून घेता, पैसे कसे उभे करता, किडीचं काय करता. लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

भुसारगल्ली
सगळं एकदम भरायचं असं कुणी सांगितलं? ज्या त्या मालाचा मोसम धरला की खिशाला एका महिन्यात चाट बसत नाही. तूर जानेवारी-फेब्रुवारीत नवी येते, ज्वारी आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू एप्रिलमध्ये, मिरची आणि हळद मार्च ते मे. तांदूळ दिवाळीनंतर, तोही शक्यतो गेल्या वर्षीचा मागायचा. नवा तांदूळ चिकट होतो, भाताला फूल येत नाही. इंद्रायणी आवडणाऱ्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.

आम्ही तीन घरं मिळून मार्केट यार्डात भुसार विभागात जातो. डाळीचा कट्टा 30 किलोचा, म्हणजे प्रत्येकी दहा किलो. वाटणी तिथेच, काट्यावर. घरी आणून वाटायला बसलं की शेवटच्या घराला चुरा येतो आणि मग बोलणी बसतात.

जाता जाता: तांदळाच्या 26 किलोच्या पिशव्या दिसतात ना, त्याचं कारण जीएसटी. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्याला 5 टक्के लागला, त्यापुढच्या पिशवीला नाही. सुट्टं घेतलं तर प्रश्नच नाही.

दोघंच_आम्ही
उलट बाजू मांडतो. आम्ही गहू भरत नाही. दोघांना महिन्याला सहा किलो, वर्षाला 72. मोसमात किलोमागे चार रुपये वाचले असं धरलं तरी 288 रुपये होतात. तेवढ्यासाठी दिवाणातली जागा अडवायची, पावसाळ्याआधी ऊन दाखवायचं, आणि निवडत बसायचं? लोक "वर्षाचं भरलं" हे बचत म्हणून सांगतात, पण खरा मुद्दा समाधानाचा असतो. समाधान हवं असेल तर जरूर भरा, हिशेबात मात्र धरू नका.

लातूरची_तूर
दोघंच_आम्ही, गव्हाचं तुमचं गणित बरोबर आहे. पण तेच गणित तुरीला लावून बघा. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ 200 रुपये किलोवर गेली होती, आठवतंय? ज्यांच्या घरात जानेवारीचा माल होता त्यांना त्या दिवाळीत झळ लागली नाही. डाळीचा भाव जसा उसळतो तसा गव्हाचा उसळत नाही, गव्हावर सरकारचा हात असतो. भाव उसळणारा आणि टिकणारा, असा माल भरावा.

आमच्याकडे गावाकडून तूरच येते, डाळ नाही. पूर्वी आजी तूर भिजवून, तेल लावून, उन्हात खडखडीत वाळवून जात्यावर भरडायची. आता गावात मिनी डाळमिल आहे. क्विंटलभर तुरीची सत्तर किलोच्या आसपास डाळ हातात पडते, बाकी चुणी म्हशीच्या टोपल्यात. गावाशी संबंध असेल त्यांनी हे करावं. या डाळीला पॉलिश नसतं म्हणून ती मळकट दिसते. दिसू द्या.

पांढरारस्सा
आमच्याकडं कोल्हापुरात धान्याचं एक वेळ राहील, पण चटणी केली नाही असं घर दाखवा. (बाहेरच्यांसाठी: चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, ताटात डाव्या बाजूला वाढायची ती नव्हे.) एप्रिल-मेत एकदा डंकावर (मसाला कुटून देतात तिथं) जायचं आणि वर्षाची काळजी मिटवायची.

यात पैसे खरंच वाचतात, कारण तयार मसाल्याच्या पुडीत तुम्ही मिरचीपेक्षा धन्याचे आणि मिठाचे पैसे जास्त देता. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, ती गडहिंग्लजच्या बाजारात चांगली मिळते. आम्ही निम्मी-निम्मी घालतो. घरात लहान पोरं असतील तर ब्याडगी वाढवा. घेताना मूठभर मिरची कानाशी नेऊन हलवा, बी खुळखुळलं पाहिजे. मुठीत दाबल्यावर कडकड मोडली नाही, नुसती वाकली, तर ओल आहे आणि तुम्ही पाण्याचे पैसे देताय. गेल्या वर्षीचा कोल्ड स्टोरेजचा माल नव्यात मिसळून येतो, त्याचा देठ जास्त काळपट असतो. देठ काढल्यावर वजनात घट येते, ती धरूनच मिरची घ्या.

धणे, तीळ, खोबरं, खसखस, खडा मसाला वेगवेगळं भाजायचं. कांदा तेलात अगदी कुरकुरीत तळायचा, त्यात पाणी राहिलं तर बुरशी ठरलेली. लसूण आणि मीठ शेवटच्या फेरीला. बरणीच्या तळाला आणि वर खडा हिंग. आणि ओला चमचा घालणाऱ्याला त्या दिवशी जेवण नाही.

चाळीतली
मुंबईकरांनी ग्राहक पंचायतीचं नाव अजून कसं नाही काढलं? मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून आहे. शेजारपाजारच्या घरांचा गट करायचा, महिन्याची यादी एकत्र भरायची, सामान गटाकडे येतं आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं. आई त्या वाटपाला जायची तेव्हा मी पिशव्या धरायला असायचे. वर्षाचं भरायला जागा नाही, पण घाऊक भावाचा फायदा हवा, अशांना ही पद्धत बरी पडते. घरटी पाच किलो, पण खरेदी शंभर किलोची.

मसाल्याला मात्र आम्ही लालबागच. तिथे उभं राहून भाजून, कुटून घ्यायचं. शिंका फुकट.

विदर्भातलं_ऊन
किडीवर कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. सोंडे, टोके डब्यात कुठून तरी चालत येतात असं वाटतं, पण बहुतेक वेळा अंडी दाण्याबरोबरच घरात येतात, गोदामातून नाहीतर पोत्यातून. ओल आणि उबारा मिळाला की फुटतात. म्हणून धान्य कोरडं असणं हे निम्मं काम. आमच्या नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात गहू दोन-तीन दिवस पसरला की झालं. पण संध्याकाळी गरम गहू लगेच कोठीत ओतायचा नाही. रात्रभर पसरून निवू द्यायचा. गरम भरला तर आत वाफ धरते आणि तीच ओल.

डाळीला एरंडेल तेलाचा हात. तळहाताला लावून डाळ चोळायची, नुसती चमक आली पाहिजे, चिकट नाही. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवलेला, ओला घातला तर उलटं काम. रवा, बेसन, मैदा यांना ऊन-पाला काही नाही, ते थोडंच आणायचं आणि आल्या आल्या आठवडाभर फ्रीझरमध्ये. बोरिक पावडर आमच्याकडे पूर्वी घालायचे, मी घालत नाही. धुवून जाते म्हणतात, पण घाईच्या सकाळी कोण किती धुतं ते आपल्याला माहीत असतं.

एक मात्र ठळक लिहिते. सल्फॉसच्या गोळ्या घरात आणू नका. कृषी केंद्रवाल्याने दिल्या, शेजारी वापरतात, काहीही असो. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने मेली आहेत. त्या गोदामासाठी आहेत, तिथेही परवाना असलेल्या माणसाच्या हातात.

जर्सीसिटी
इकडे अमेरिकेत मोसम वगैरे नाही, इंडियन स्टोअरचा सेल हाच आमचा मोसम. पण 2023 च्या जुलैत भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा जे झालं ते विसरणार नाही. दुकानात सोनामसुरीच्या रॅकसमोर रांग, एका घराला एक पिशवी, आणि बायका नवऱ्याला वेगळ्या रांगेत उभं करत होत्या. बंदी 2024 च्या सप्टेंबरअखेर उठली. ज्यांनी तेव्हा गराज भरून तांदूळ घेतला त्यातले काही पुढच्या वर्षीही तोच खात होते. आम्ही एक पिशवी चालू आणि एक मागे, एवढाच नियम ठेवलाय. कणीक मात्र फ्रीझरमध्येच, इथली पिशवी येईपर्यंतच जुनी झालेली असते.

सहाघरची_पोळी
मी पोळ्यांची कामं करते. आमच्यासारख्यांना एकदम पैसे कुठून येणार, ते लिहिते. आमची दहा बायकांची भिशी आहे, महिना हजार. मी एप्रिलचा नंबर मागून घेते, सगळ्या जणी समजून आहेत. त्या दहा हजारात ज्वारी, तूरडाळ, तेलाचा 15 किलोचा डबा आणि मिरची. तांदूळ, गहू भरत नाही, रेशनला माणशी पाच किलो धान्य येतं, 2023 पासून ते फुकट आहे. डबा घेतल्यावर मात्र तेल जास्त उडतं. दिसतंय म्हणून हात सैल सुटतो. म्हणून मी महिन्याचं तेल किटलीत काढते आणि डबा माळ्यावर टाकते.

पोळपाट
ताई, माळ्याची युक्ती आजपासून आमच्याकडेही. सासूबाईंना धागा वाचून दाखवला, गव्हाच्या 288 रुपयांवर त्यांनी तोंड वाकडं केलं, पण तुरीवर मान डोलावली. म्हणजे यंदा तूरडाळ आणि मिरची, गहू महिन्याच्या महिन्याला. पांढरारस्सा, आमच्या घरात तिखट कमी चालतं, एक किलो मिरचीत ब्याडगी किती घालू?

पांढरारस्सा
पाऊण किलो ब्याडगी, पाव किलो संकेश्वरी. आणि डंकावर पहिला नंबर लावा. आधीच्या कुणाची लवंगी कुटून झाली असेल तर तिचं तिखट तुमच्या मसाल्यात उतरतं.