व्हिटनी संग्रहालय, न्यूयॉर्क : वडिलांना दाखवायचे आहे, मदत हवी

नमस्कार.

माझे वडील मे महिन्यात आमच्याकडे जर्सी सिटीला येत आहेत. ते कोल्हापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असत आणि निवृत्तीनंतरही त्यांनी जलरंगांचा सराव सोडलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये काय पाहायचे असे विचारल्यावर त्यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे नावही न घेता 'व्हिटनी म्युझियम ऑफ अमेरिकन आर्ट' एवढेच सांगितले. (गर्ट्रूड व्हिटनी यांनी १९२९ मध्ये देऊ केलेला पाचशेहून अधिक कलाकृतींचा संग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियमने नाकारला, म्हणून बाईंनी स्वतःचेच संग्रहालय काढले, ही हकिकत ते मलाच फोनवर ऐकवतात.) गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभे राहवत नाही, त्यामुळे भेट नीट आखूनच जावे लागेल.

त्यांना पाहायची आहेत ती चित्रे मोजकी आहेत. पहिले एडवर्ड हॉपर यांचे १९३० चे 'अर्ली संडे मॉर्निंग'. लाल विटांची दुमजली इमारत, खाली बंद दुकाने, वरच्या खिडक्यांत पिवळसर पडदे, फुटपाथवर न्हाव्याच्या दुकानाचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब आणि अग्निशमनाचा नळ, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पडलेल्या लांबच लांब सावल्या. वरच्या एका खिडकीत हॉपर यांनी आधी माणूस रंगवला होता आणि नंतर तो रंगाखाली झाकून टाकला, असे बाबांच्या वाचनात आले आहे. तेव्हा ती खिडकी जवळून निरखायचीच, असा त्यांनी चंग बांधला आहे. संकेतस्थळावरील प्रतिमा मोठी केली की दुकानांवरची अक्षरे म्हणजे नुसते ब्रशचे फटकारे आहेत एवढे दिसते, पण रंगाचा थर काही पडद्यावर कळत नाही.

दुसरे चित्र मार्क रॉथ्को यांचे 'फोर डार्क्स इन रेड' (१९५८). यामागचे कारण रॉथ्को यांच्याप्रमाणेच अमूर्त चित्रे काढणारे, बाबांचे आवडते चित्रकार वासुदेव गायतोंडे. ते १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आले होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जहांगीर निकल्सन संग्रहातील गायतोंडे यांच्या कॅनव्हाससमोरून बाबांना उठवणे हा आमच्या घरी दरवेळचाच कार्यक्रम असतो. त्यामुळे रॉथ्को दिसले नाहीत, तर त्यांचा हिरमोड होईल. शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डर यांची तारेची सर्कस दिसली तर उत्तमच, पण तिच्यासाठी अडून बसणार नाही.

माझी मुख्य अडचण इथेच आहे. संग्रहातली सगळी चित्रे एकाच वेळी भिंतीवर नसतात. ती आलटून पालटून मांडली जातात आणि शिवाय यंदा द्वैवार्षिक प्रदर्शन, म्हणजे बायेनियल, असल्याने बरेच मजले त्याला दिलेले असतील. एखादे चित्र सध्या प्रदर्शित आहे असे संकेतस्थळावर दिसले, तर त्या नोंदीवर कितपत विसंबावे? आदल्या दिवशी फोन करून विचारल्यास नेमके उत्तर मिळते का? बायेनियल संपेपर्यंत थांबणे शक्य नाही, कारण त्यांचे परतीचे तिकीट जूनअखेरचे आहे.

वेळेविषयीही मत हवे आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते दहा प्रवेश मोफत असतो, हे ठाऊक आहे. परंतु त्या वेळी गर्दीत एका चित्रासमोर निवांत बसता येते का, की तिकीट काढून बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी गेलेले बरे? मला तरी दुसरा पर्याय योग्य वाटतो, मात्र बाबा फुकटचे सोडून पैसे मोजायला सहजी तयार होणार नाहीत. मंगळवारी संग्रहालय बंद असते, तो दिवस सोडूनच विचार केला आहे.

जाण्यासाठी जर्सी सिटीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेनने चौदाव्या रस्त्यापर्यंत यायचे आणि पुढे संग्रहालय आहे त्या गॅन्सव्होर्ट स्ट्रीटला टॅक्सीने जायचे, असा बेत आहे. त्या स्थानकात जिने किती चढावे लागतात, आणि त्यापेक्षा घरापासूनच गाडी केलेली सोयीची पडेल का? आत लिफ्ट आहेतच (त्यांची अंतर्रचना कलावंत रिचर्ड आर्टश्वागर यांची असल्याने बाबा बहुधा तिथेही रेंगाळतील), पण दालनांत बाके पुरेशी आहेत का, घडीचे स्टूल मागितल्यास मिळते का, की चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवावी? खुर्चीला ते प्रथम नाही म्हणतील, हे गृहीत धरूनच विचारतो आहे.

शेवटचे म्हणजे छोटी वही आणि पेन्सिल घेऊन चित्रासमोर बसून रेखाटन करू देतात का? ज्येष्ठांना घेऊन तिथे जाऊन आलेल्या सदस्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा.